कंसातल्या आकड्यांविरुद्ध

शॉर्टकोडवर माझा राग आहे असं गेल्या महिन्यात मी दोन-तीन ठिकाणी बोलले. तंत्रज्ञ मित्रमंडळींकडून सगळीकडे एकच उत्तर आलं: "अगं, ते आता कोण वापरतं? ब्लॉक आले की!" मला हे उत्तर पटलेलं नाही. का पटलं नाही ते प्रतिसादाच्या चौकटीत मावणार नव्हतं, म्हणून ही नोंद. घरची मंडळीही हे पान वाचतात (काका, तुम्ही सकाळच्या चहाबरोबर वाचता हे मला ठाऊक आहे), त्यामुळे आधी थोडं मुळापासून सांगते. ज्यांना हे सगळं माहीत आहे त्यांनी पुढचे चार परिच्छेद सोडून दिले तरी चालेल, भांडण त्यानंतर आहे.

तर, वर्डप्रेसमध्ये लेख लिहिताना मजकुरात मध्येच चौकोनी कंसात एक नाव टाकायचं. उदाहरणार्थ [गॅलरी]. पान वाचकासमोर येण्याआधी वर्डप्रेस ते नाव शोधतं, त्या नावाने नोंदवलेला एक छोटासा प्रोग्रॅम चालवतं, आणि त्यातून जे काही बाहेर पडेल ते कंसाच्या जागी ठेवून देतं. वाचणाऱ्याला कंस दिसत नाही, फोटो दिसतात. नकाशा, संपर्काचा फॉर्म, ताज्या लेखांची यादी, सगळं असंच. (प्रत्यक्षात ही नावं रोमन अक्षरांत टंकावी लागतात, मी इथे देवनागरीत लिहितेय. या 'प्रत्यक्षात'कडे येतेच.)

मार्च २००८ मध्ये वर्डप्रेस २.५ आलं आणि त्याबरोबर ही सोय आली. घरचा पहिला शॉर्टकोड गॅलरीचाच होता. त्याआधी प्रत्येक प्लगिनवाल्याची आपापली खूण असायची आणि ती शोधायचा आपापला जुगाड. त्या बजबजपुरीत एकच पद्धत आली, हे चांगलंच झालं. आणि कल्पनेमागचं कारणही रास्त होतं. लेखाच्या मजकुरात थेट प्रोग्रॅम लिहू देणं धोक्याचं, आणि चार जण मिळून लिहितात अशा ब्लॉगवर तर फारच. म्हणून नाव लेखात ठेवायचं आणि प्रोग्रॅम दुसरीकडे. लिहिणाऱ्याने एक शब्द लक्षात ठेवायचा, बाकीचं यंत्र बघून घेईल.

हा कंस तीन रूपांत येतो. पहिला नुसता एकटा: [गॅलरी]. दुसरा एकटाच, पण सोबत काही माहिती घेऊन आलेला: [गॅलरी कॉलम्स="३"]. आणि तिसरा जोडीचा, म्हणजे एक उघडणारा, एक तिरक्या रेघेने बंद होणारा, आणि मध्ये आपला मजकूर: [चौकट] इथे काहीही लिहा [/चौकट]. या तिसऱ्याला जरा लक्षात ठेवा. माझं सगळं म्हणणं पुढे त्याच्याभोवती फिरणार आहे.

चौकोनी कंसच का, तर तो मोकळा होता म्हणून. गोल कंस आपण उठसूट वापरतो (मी तर फारच), कोनी कंस एचटीएमएलने आधीच बळकावलेले. चौकोनी कंसाची सवय जुन्या चर्चास्थळांवरच्या बीबीकोडने लोकांना लावलेली होतीच. छापील जगात मात्र या कंसाला एक वेगळी प्रतिष्ठा होती. जुन्या बाडाचं संपादन करणारा माणूस मूळात नसलेला शब्द वाचकाच्या सोयीसाठी घालतो तेव्हा तो चौकोनी कंसात घालतो. म्हणजे 'हा शब्द लेखकाचा नव्हे, माझा' असं वाचकाला प्रामाणिकपणे सांगणारी ती खूण. शॉर्टकोडने तीच खूण घेतली, पण वाचकाशी असलेला तिचा व्यवहार काढून टाकला. आता कंसातलं बोलणं लेखकाचं प्लगिनशी चालतं.

आता तक्रारी. आधी किरकोळ उरकते.

अवतरणचिन्हांचा छळ सगळ्यांनी भोगला असेल. शॉर्टकोडला सरळ अवतरणचिन्हं लागतात, आणि वर्डप्रेसलाच लेखातली सरळ चिन्हं दाखवताना सुबक, वळणदार करायची हौस. त्यामुळे कुणीतरी आपल्या ब्लॉगवर 'हा शॉर्टकोड असा वापरा' म्हणून नमुना द्यावा, तो तिथे वळणदार चिन्हांनी दिसावा, आपण तो उचलून चिकटवावा, आणि काही चालू नये. चिन्हांत फरक आहे हे डोळ्यांना कळायलाच अर्धा तास. पुढे २०१७ मध्ये आयफोनच्या कीबोर्डनेही आपणहून वळणदार चिन्हं टाकायला सुरुवात केली आणि तो त्रास खिशात आला. शॉर्टकोडविषयी लिहायचं असेल तर कंस दुहेरी करावे लागतात, नाहीतर नमुन्याच्या जागी खरंच गॅलरी उमटते, ही आणखी एक गंमत.

दुसरी गोष्ट, एकाच नावाचा जोडीचा कंस त्याच नावाच्या कंसात घालता येत नाही. [रकाना] च्या आत [रकाना] ठेवला की बाहेरचा उघडणारा कंस आतल्या बंद होणाऱ्या कंसाशी लग्न लावून मोकळा होतो आणि बाहेरचा बंद होणारा कंस पानावर एकटा लोंबकळत राहतो. कारण हे वाचणारं यंत्र व्याकरण समजून वाचत नाही, ते एका साच्याशी जुळवून पाहतं: उघडला, आणि पहिला बंद होणारा सापडला, बस्स. व्हिज्युअल कंपोझर नावाच्या पानं रचायच्या प्लगिनात 'ओळ' आणि 'आतली ओळ' अशी दोन वेगळी नावं आढळतात ती या मर्यादेला वळसा घालायला. तसंच एकाच लेखात एकच नाव आधी एकटं आणि नंतर जोडीने वापरलं, तर पहिल्या एकट्यालाही जोडी आहे असं समजून मधला अख्खा मजकूर गिळला जातो.

आणि आता ते 'प्रत्यक्षात'. मी गंमत म्हणून एक प्रयोग केला. शॉर्टकोडचं नाव देवनागरीत ठेवता येतं का? तर येतं! [आज] असा कंस नोंदवला, आजची तारीख मिळाली. अगदी हरखून गेले. मग त्याला माहिती द्यायला गेले, [आज रचना="लांब"] अशी, तर 'रचना' हा शब्दच त्याला दिसेना. नावाला कोणतीही लिपी चालते, पण आतल्या गुणधर्माचं नाव शोधताना वर्डप्रेस फक्त रोमन अक्षरं, आकडे, खालची रेघ आणि आडवी रेघ एवढंच ओळखतं. 'रचना="लांब"' हा सगळा ऐवज त्याने एक अगम्य तुकडा म्हणून शून्य क्रमांकावर ठेवून दिला. म्हणजे उंबऱ्यापर्यंत मराठी चालेल, आत यायचं तर जोडे आणि लिपी बाहेर काढून. आकड्यांचंही तेच. कॉलम्स="३" मधला ३ देवनागरी असेल तर पीएचपीच्या लेखी तो आकडाच नव्हे, त्याचं सरळ शून्य होतं. तक्रार येत नाही, सूचना येत नाही, फोटो आपले कसेही पसरतात.

पुढचा प्रयोग [वऱ्हाडी] या नावाचा. आपल्या या डोळ्यांतल्या पापणीसारख्या 'र'ची दोन टंकनं आहेत हे जुन्या अनुदिनीकारांना सांगायला नको. एकात नुक्ता असलेला र, दुसऱ्यात साधा र आणि मागोमाग एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. नोंदवताना एक आणि लेखात दुसरा आला की शॉर्टकोड तुम्हाला ओळखत नाही. मजा म्हणजे गुणधर्म वाचताना अदृश्य जागेचं एक चिन्ह साफ करून घेण्याची काळजी वर्डप्रेसने घेतली आहे. आपलं अदृश्य जोडचिन्ह त्या यादीत नाही.

असो. हे सगळं चिडचिड करायला ठीक आहे, पण यातल्या कशासाठी मी एवढं मोठं पान लिहिलं नसतं. अवतरणचिन्हं सुधारता येतात, लिपीची दुरुस्ती एखादा उत्साही माणूस उद्या करून टाकेल. माझं भांडण दुसऱ्या रूपाशी आहे, माहिती घेऊन आलेल्या एकट्या कंसाशी. त्यातही ती माहिती म्हणजे जेव्हा एक आकडा असतो तेव्हा.

आमच्या काकूचा पाककृतींचा ब्लॉग होता, हे घरच्यांना माहीत आहे. बाकीच्यांसाठी सांगते: २००९ ते २०१६ अशी सात वर्षं काकूने नेमाने लिहिलं. सुरुवातीला बरहात टंकून, नंतर थेट. कोकणातला स्वयंपाक, आणि स्वयंपाकाच्या निमित्ताने माणसं. २०१२ च्या सुमारास कुणीतरी तिला पाककृतींचं एक प्लगिन सुचवलं. साहित्य एका फॉर्ममध्ये भरायचं, कृती दुसऱ्या रकान्यात, आणि मग लेखात फक्त [रेसिपी आयडी="४७"] एवढं टाकायचं. पानावर सुंदर चौकट यायची, वाट्या-चमचे एकाखाली एक, छापायचं बटण. काकू खूश होती. तिने हौसेने जुन्या लेखांतलं साहित्यही काढून त्या फॉर्मांत भरलं.

२०२० मध्ये काकू गेली. पुढच्या वर्षी होस्टिंगची मुदत संपत आली तेव्हा चुलतभावाने वर्डप्रेसच्या मेनूतून 'सगळा मजकूर' निर्यात करून घेतला. मेनूत पर्याय त्याच नावाचा आहे. त्या फाइलमध्ये ११२ लेख आहेत, प्रतिसादांसकट. आणि त्यातल्या ६८ लेखांत साहित्य आणि कृतीच्या जागी कंसात एक आकडा आहे.

प्लगिनने पाककृती स्वतःच्या वेगळ्या कोष्टकात ठेवल्या होत्या. निर्यातीत लेख येतात, पानं येतात, प्रतिसाद येतात, प्लगिनांची खाजगी कोष्टकं येत नाहीत. प्लगिन बनवणाऱ्यांनी ते मध्येच बंद केलं होतं, आणि होस्टिंगवाल्यांनी मुदत संपल्यावर नियमाप्रमाणे सगळं पुसलं. वेबॅक मशीनवर शोधून अकरा पानं मिळाली. उरलेल्या सत्तावन्न लेखांत काकू बोलतेय आणि मध्येच तिच्या तोंडातून एक क्रमांक येतो. फणसाच्या सांदणांवरचा लेख बघा. सासूबाईंनी पहिल्यांदा तिच्या हाती सांदणांचा मोदकपात्र कसं दिलं, ते सगळं आहे. मग [रेसिपी आयडी="४७"]. आणि त्याखाली काकूचं वाक्य: वरील साहित्यात गूळ मुद्दाम कमी घेतला आहे, कारण बरक्या फणसाला स्वतःची गोडी असते.

वरील साहित्यात! वर सत्तेचाळीस आहे.

यावर मला काय ऐकवलं जातं ते माहीत आहे. पूर्ण विदागाराची प्रत घ्यायला हवी होती. बरोबर आहे, घेतली असती तर साहित्य मिळालं असतं. पण हा सल्ला कुणाला देताय याचा जरा विचार करा. साठीच्या बाईने वही सोडून तुमच्या यंत्रात लिहावं असं तुम्हीच म्हणालात, सोपं आहे म्हणालात. वहीला विदागाराची प्रत लागत नाही. 'रुचिरा'सारख्या पुस्तकाची शिवण सुटलेली, हळदीचे डाग पडलेली प्रत घराघरात असते, आणि पानं सुटी झाली तरी प्रत्येक पानावर वाटी-चमच्याचं माप जिथल्या तिथे असतं. ओगल्यांनी साहित्याच्या जागी 'क्रमांक ४७, प्रकाशकाकडे विचारावे' असं छापलं असतं तर ते पुस्तक कुणी विकत घेतलं असतं का?

माझा मुद्दा एवढाच आहे. लिहिणाऱ्याच्या मजकुरात तुम्ही आज्ञा घालायला लावता, ठीक आहे. पण ज्याची जागा ती आज्ञा घेते आहे, ते मजकुरातच राहिलं पाहिजे. जोडीच्या कंसाने हे होतं. काकूच्या लेखात असं असतं:

[रेसिपी] गूळ पाऊण वाटी, तांदळाचा रवा दोन वाट्या, फणसाचा रस... [/रेसिपी]

(मापं माझी, अंदाजाने. मावशी, हसू नकोस.) तर प्लगिन असताना तीच सुंदर चौकट आली असती. प्लगिन गेल्यावर चौकट गेली असती, दोन कंस विनाकारण दिसले असते, आणि गूळ पाऊण वाटी हे जिथल्या तिथे राहिलं असतं. वर्डप्रेसला हे येत नाही असंही नाही. जोडीच्या कंसामधला मजकूर प्रोग्रॅमच्या हाती आपोआप सोपवला जातो, तशी सोय २००८ पासून आहे. प्लगिनवाल्यांनी ती वापरली नाही, कारण आपल्या कोष्टकात माल ठेवला की गिऱ्हाईक सहजी दुसरीकडे जात नाही. काहींच्या मनात हे नसेलही. फॉर्म भरून घेणं आणि आकडा देणं हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला सोयीचं असतं, एवढंच असेल. पण लिहिणारी तिथे बांधली जाते ती जातेच.

बरं, ही काही जगावेगळी मागणी नाही. एचटीएमएलमध्ये सुरुवातीपासून हा शहाणपणा आहे. १९९५ मध्ये एचटीएमएल २.० चं लिखित मानक आलं, त्यातच म्हटलेलं आहे की न्याहाळकाला अनोळखी टॅग दिसला तर टॅग नव्हताच असं समजायचं आणि आतला मजकूर तसाच दाखवायचा. म्हणून आजच्या न्याहाळकात तीस वर्षांपूर्वीचं पान उघडतं, आणि काल शोधलेला टॅग जुन्या न्याहाळकाला कळला नाही तरी आतले शब्द वाचता येतात. चित्राच्या टॅगला 'ऑल्ट' म्हणून एक गुणधर्म तेव्हापासून आहे: चित्र आलं नाही तर त्याच्या जागी वाचायचे शब्द. म्हणजे यंत्र कधीतरी हजर नसेल हे ज्यांनी जाल विणलं त्यांनी धरूनच चाललेलं होतं. एकटा शॉर्टकोड मात्र आपण कायम हजर असू असं धरून चालतो.

मराठी विकिपीडियावर ज्यांनी हात मारून पाहिला असेल त्यांना दुसरं उदाहरण आठवेल. तिथे महिरपी कंसांच्या जोडीत नाव लिहिलं की त्या नावाचा 'साचा' पानात येतो. पद्धत तशी याच जातकुळीची. पण तो साचा अस्तित्वात नसेल तर पानावर लाल अक्षरांत 'साचा:' आणि पुढे नाव असा दुवा दिसतो. इथे अमुक नावाचं काहीतरी असायला हवं होतं, ते नाही, वाटल्यास तुम्ही लिहा. नाव असतं, आकडा नसतो, त्यामुळे काय हरवलं ते तरी कळतं. शिवाय 'सब्स्ट' नावाची एक युक्ती आहे. ती वापरली की साच्यातला मजकूर जतन करताना पानातच कायमचा उतरतो, पुढे साच्याचं काहीही होवो. कुठल्या गोष्टी जिवंत ठेवायच्या आणि कुठल्या उतरवून घ्यायच्या, हे लिहिणारा ठरवतो.

आणि जाता जाता: तिथे चित्र लहान आणि उजवीकडे हवं असेल तर 'इवलेसे' आणि 'उजवे' असं मराठीत लिहिलेलं चालतं. अनुक्रमणिका नको असेल तर चक्क 'अनुक्रमणिकानको' अशी जोडून केलेली आज्ञा आहे, आजूबाजूला दोन-दोन खालच्या रेघा मारून. इवलेसे! ज्याने कुणी हा शब्द निवडला त्याला माझा नमस्कार. आज्ञा आपल्या भाषेत देता आली की ती मजकुरात परकी वाटत नाही, आणि यंत्र गेलं तरी माणसाला वाचून कळते.

आता ब्लॉकवाल्यांकडे वळते. डिसेंबर २०१८ मध्ये वर्डप्रेस ५.० बरोबर ब्लॉकचा नवा संपादक आला. त्यात मजकुराचा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ब्लॉक, आणि त्याची माहिती एचटीएमएलच्या टिप्पणीत लपवलेली. साध्या ब्लॉकच्या बाबतीत मी टोपी काढते. परिच्छेद, चित्र, कोष्टक यांचं पूर्ण एचटीएमएल टिप्पणीच्या आत लेखातच असतं, प्लगिन काढलं तरी शब्द राहतात. म्हणजे जोडीचा कंसच, जरा नीटनेटक्या कपड्यांत. पण जे ब्लॉक पान दाखवताना आपला मजकूर तयार करतात, त्यांतले बहुतेक एकट्या कंसासारखेच वागतात. लेखात फक्त एक बंद टिप्पणी, आत नाव आणि काही आकडे. पुन्हा पुन्हा वापरायचा तुकडा जतन केला तर लेखात काय उतरतं ठाऊक आहे? 'ब्लॉक', आणि त्याचा क्रमांक. सत्तेचाळीसच परत!

एका बाबतीत तर हे शॉर्टकोडहून वाईट आहे. प्लगिन गेल्यावर शॉर्टकोडचा कंस निदान पानावर विद्रूप होऊन उभा राहतो. वाचणारा विचारतो, इथे काय होतं? टिप्पणी कुणाला दिसतच नाही. असा ब्लॉक गेला की वाचकापुढे काहीच उरत नाही, वरचा परिच्छेद खालच्या परिच्छेदाला चिकटतो आणि मध्ये काही होतं याचा पत्ताही लागत नाही. संपादक उघडणाऱ्याला सूचना मिळते, पण काकूचा संपादक आता कोण उघडणार? त्यामुळे "ब्लॉक आले की" हे उत्तर मला नुसतं अपुरं वाटत नाही, राग येतो. घाण दिसेनाशी केली आणि घर झाडलं असं सांगताहेत.

आक्षेप एकच खरा आहे आणि तो मी टाळत नाही. काही गोष्टी मुळातच लिहून ठेवता येत नाहीत. आजची तारीख, शेवटचे पाच लेख, संपर्काचा फॉर्म. आणि फोन नंबरासारखी गोष्ट एका जागी बदलली की पन्नास पानांवर बदलावी हीही रास्त गरज आहे. मान्य. पण तिथेही जोडीचा कंस चालतो, आत एक साधं वाक्य ठेवायचं. [फॉर्म] मला पत्र लिहायचं असल्यास पोस्टाचा पत्ता शेवटच्या पानावर आहे [/फॉर्म]. फॉर्म चालू असेल तोवर ते वाक्य कुणाला दिसणार नाही. बंद पडला की दिसेल. याला प्लगिनवाल्याचे दोन ओळींचे कष्ट लागतात. आणि ज्या गोष्टी बदलत नाहीत, म्हणजे पाककृती, फोटोखालची ओळ, आजोबांनी सांगितलेला किस्सा, त्यांना 'डायनॅमिक' म्हणून कोष्टकात नेऊन ठेवायचं कारणच काय? गूळ पाऊण वाटी हे २०१२ मध्येही पाऊण वाटीच होतं.

फोटोंचंही बघून घ्या मंडळी. डिसेंबर २०१२ च्या ३.५ पासून गॅलरीच्या शॉर्टकोडमध्ये चित्रांचे क्रमांक येऊ लागले. ब्लॉग एका जागेहून दुसरीकडे हलवताना आयात करणारं यंत्र जुनेच क्रमांक द्यायचा प्रयत्न करतं, पण तो क्रमांक तिथे आधीच कुणी घेतलेला असला की नवा देतं, आणि कंसातला आकडा मात्र जुनाच राहतो. मग मुंजीच्या लेखात कुणा भलत्याचेच फोटो लागायची सोय. स्थलांतर केलं असेल तर एकदा जुन्या गॅलऱ्या उघडून पाहा.

आणि ज्यांना वाटतं की प्लगिन बंद झालं तरच हे होतं, त्यांनी जुलै २०१५ आठवावा. वर्डप्रेस ४.२.३ ही सुरक्षिततेची छोटी आवृत्ती बहुतेक ठिकाणी आपोआप बसली. एचटीएमएलच्या गुणधर्मांच्या आत शॉर्टकोड घालायची जी पद्धत अनेकांनी वापरली होती, ती त्यात बदलली आणि कित्येक संकेतस्थळं मोडली. कारण खरं होतं, त्या वाटेने लेखनाचा परवाना असलेला सदस्य पानात घातक कोड घुसवू शकत होता. दार बंद करायलाच हवं होतं. पण लिहिणाऱ्याच्या बाजूने बघा: लेखातलं एक अक्षर कुणी बदललं नाही आणि लेख बदलला.

माझ्या स्वतःच्या ब्लॉगवर आता एकटा कंस नाही. फोटो साध्या चित्राच्या टॅगने, प्रत्येकाला ऑल्टचे शब्द, आणि ताज्या लेखांची यादी बाजूच्या पट्टीत, लेखाच्या बाहेर. दिसायला पान जरा गावंढळ आहे. तुमच्यापैकी जे प्लगिन लिहिता (दोघे-तिघे आहात, मला माहीत आहे) त्यांनी प्रतिसादात येऊन भांडावं. फक्त 'बॅकअप' हा शब्द न वापरता.

काकूच्या ११२ लेखांपैकी पंचावन्न आता पूर्ण आहेत आणि ते मी साध्या मजकुरात, एकही कंस न ठेवता, नव्या जागी चढवते आहे. उरलेल्या सत्तावन्नांची यादी घरच्या गटावर टाकली आहे, क्रमांकापुढे पदार्थाचं नाव लिहून, कारण लेखांच्या शीर्षकांवरून तेवढं कळतं. १२ म्हणजे कुळथाचं कळण. २३ पातोळे, हळदीच्या पानातले. ३१ चं शीर्षक नुसतं 'आषाढातलं' असं आहे, ते काय असेल ते काकांनाच ठाऊक, काका, आठवून बघा. आणि मावशी, तुझ्या निळ्या वहीत काकूच्या हातची दोन पानं आहेत असं तू मागे म्हणाली होतीस. त्यात सांदणं असतील तर फोटो काढून पाठव. गूळ किती, एवढं जरी दिसलं तरी चालेल.